फार्करच्या मापाचं कापड

“दीड मीटर काप,” टॉर्किल म्हणाला आणि त्याने कात्री डॉलिनापुढे धरली.

डॉलिनाने ती घेतली नाही. ती एफीच्या बैठकीच्या खोलीत गुडघे टेकून बसली होती. तिच्यासमोर जमिनीवर पाच मीटर लांब, चौकडीचं लोकरीचं कापड पसरलं होतं. मोठ्या किल्टचं कापड; इथले पुरुष त्यावर आडवे होऊन ते कमरेला गुंडाळतात, मग उठून उरलेलं खांद्यावर घेतात. सहा वर्षांपूर्वी तिनेच ते फार्करसाठी विणलं होतं. तेव्हा तो खेळांच्या मैदानावर जड गोळे फेकायचा आणि या घराच्या दारातून तिरका होऊन आत यायचा. आता तो खिडकीखालच्या खाटेवर होता, पांढऱ्या सदऱ्यात. मृताच्या छातीवर ठेवायची रीत म्हणून मिठाची बशी ठेवलेली होती. आजाराने त्याचं निम्मं वजन नेलं होतं.

“शवपेटी अरुंद आहे, मावशी. ती घेऊन माणसं चार वाजता येतील. एवढं सगळं गुंडाळलं तर झाकण बसायचं नाही.”

“ते त्याच्या मापाचं आहे,” एफी म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. नवरा गेल्यापासून ती फारसं बोलली नव्हती.

“आई, बाबा त्या मापाचे राहिले नाहीत.”

एफीने मुलाकडे पाहिलं. “झाकण लावायच्या आधी सगळा गाव येऊन बघणार आहे. तो लहान दिसायला नको.”

टॉर्किलने कात्री खिडकीत ठेवली. बाहेर मेंढ्या भिजत उभ्या होत्या.

डॉलिनाने फार्करचं माप घेतलं. कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत फीत लावली. मग तीच लांबी कापडाच्या दोन्ही टोकांना मोजून तिथे खडूची रेघ ओढली.

“इकडे बस,” ती टॉर्किलला म्हणाली. “ही दोन टोकं पुढे येतात, ती सपाट ठेवायची. मधल्या सगळ्याच्या निऱ्या. माणूस जाड असेल तर कापड त्याच्याभोवती फिरण्यात संपतं, मग निऱ्या उथळ होतात. बारीक असेल तर निऱ्या खोल घालायच्या. कापायचं ते फक्त पोरांचं.”

“पोरांचं का?”

“त्यांना वजन पेलत नाही. धावता येत नाही.” तिने खडू खाली ठेवला. “इथे तो प्रश्न नाही.”

टॉर्किल चाळिशीचा होता. दोन्ही हातांनी कापड ओढून त्याने पहिली निरी घातली. ती वाकडी गेली.

“ओढू नकोस. अंगठा आत, बोटं वर. पांढरी रेघ पांढऱ्या रेघेवर आली पाहिजे. पुन्हा कर.”

त्याने पुन्हा केली. चौथ्या वेळी निरी नीट बसली.

“बापाने शिकवलं नाही का रे?”

“मी कधी विचारलं नाही.”

खोलीत बराच वेळ लोकर सरकल्याचा आवाज येत राहिला. डॉलिना एका बाजूने येत होती, टॉर्किल दुसऱ्या बाजूने. निऱ्या एकीवर एक चढत गेल्या. शेवटी कापडाचा मधला भाग गादीसारखा जाड झाला.

“पहिल्यांदा माप बघायला माझ्याकडे आला होता ना,” डॉलिना म्हणाली, “तेव्हा नेसवायला असाच निऱ्यांवर झोपवला त्याला. तर लागला घोरायला.”

“घोरत नव्हता,” एफी भिंतीपासूनच म्हणाली. “सोंग होतं. तू चहा विचारला नव्हतास.”

“नंतर दिला की.”

“फिका होता म्हणाला.”

डॉलिनाने निऱ्यांखालून कातडी पट्टा सरकवला.

टॉर्किलने मिठाची बशी उचलून टेबलावर ठेवली. त्याने बापाला खांद्यांकडून धरलं, डॉलिनाने पायांकडून. उचलताना टॉर्किलने जास्तच जोर लावला. त्याला अजून जुन्या वजनाचा अंदाज होता. फार्कर एकदम वर आला. मग त्यांनी त्याला हळू कापडावर ठेवलं.

“काठ गुडघ्याच्या मागे आला का बघ.”

“आला.”

“आता उजवं टोक आधी. मग डावं, त्याच्यावरून.”

टॉर्किलने तसं केलं. पट्टा शेवटच्या भोकालाही सैल राहिला. डॉलिनाने पिशवीतून आरी काढून नवं भोक पाडलं, मग आणखी एक.

“पेटीत मावेल?” त्याने विचारलं.

तिने त्याच्या कमरेच्या दोन्ही कडांना फीत धरून पाहिली. “रुंदीला मावेल. खालच्या निऱ्यांमुळे चार बोटं वर येईल. झाकणाला अडचण नाही.”

एफी पहिल्यांदाच भिंतीपासून सुटली. जवळ येऊन तिने नवऱ्याकडे वरून पाहिलं, मग वाकून बाजूने पाहिलं. निऱ्यांनी त्याला जमिनीपासून उचललं होतं. कमरेजवळ कापड भरून आलं होतं.

“हं,” ती म्हणाली.

डॉलिनाने पट्टा आवळला आणि त्याचं टोक आत खोचलं. कमरेच्या वरचं अर्धं कापड अजून त्याच्या पाठीखाली आणि डोक्यामागे पसरलेलंच होतं. ते खांद्यावर घेऊन टाचायची मोठी टाचणी टॉर्किलच्या हातात होती.

“पुढे काय, मावशी?”

डॉलिनाचा हात पट्ट्यावरच होता.

“पुढे तो उठतो,” एफी म्हणाली. “उठल्यावर वरचं कापड खाली पडतं. मग टाचणी.”

टॉर्किलने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. तो गुडघ्यांवरूनच थोडा बाजूला सरकला. उठणाऱ्याला लागते तेवढी जागा त्याने मोकळी केली.