नेमका शब्द

“‘चीटेड’ लिहू की ‘मिसलेड’?” वकील उर्वीने तक्रारीचं टायपिंग थांबवून विचारलं.

“चीटेड,” आईच्या, शेवंतीबाईंच्या, आधीच स्वप्नील बोलला.

लालबागच्या चाळीतली शेवंतीबाईंच्या वडिलांची खोली त्यांच्या आणि थोरल्या भावाच्या, धोंडूच्या नावावर होती. आता तिथे टॉवर होणार होता. गेल्या महिन्यात धोंडू अँटॉप हिलला त्यांच्या घरी येऊन वीजमीटरचा अर्ज म्हणून त्यांची सही घेऊन गेला. तो अर्ज नव्हता. शेवंतीबाईंनी खोलीवरचा हक्क सोडल्याचा कागद होता. स्वप्नीलला हे परवा चाळीतल्या एकाकडून कळलं. निवृत्त झाल्यावर त्याला अँटॉप हिलचं सरकारी क्वार्टर सोडावं लागणार होतं. त्याची सगळी भिस्त त्या खोलीवर होती.

“मावशी, मराठीत नुसतं ‘फसवलं’ म्हणून भागतं. इंग्रजीत मला नेमका शब्द हवा,” उर्वी म्हणाली. “‘मिसलेड’ म्हणजे चुकीची समजूत करून दिली, ती नकळतही होते. ‘डिसीव्ह्ड’ म्हणजे मुद्दाम खोटं पटवलं. ‘चीटेड’ म्हणजे खोटं पटवून तुमच्या हक्काचं काढून घेतलं. त्यावर पोलीस केस होईल.”

“होऊ दे,” स्वप्नील म्हणाला.

“या तिन्हींत मला ठाऊक नव्हतं, असंच धरलेलं असतं ना?” शेवंतीबाईंनी विचारलं.

“अर्थात. ठाऊक असेल तर फसवणूक कसली?”

“मग यातला एकही लिहू नका. धोंडू मोरीत पाय धुवायला गेला, तेव्हा मी कागद वाचला. मग सही केली.”

स्वप्नील खुर्चीवरून उठला. “आई, का?”

“आबा गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. शाळा सोडून खानावळीत राबला, म्हणून मी सातवी शिकले. आता त्याच्या घरात सात माणसं. मागायची लाज वाटली असेल त्याला, म्हणून खोटं बोलला.”

“आणि मी? मला सांगावंसं नाही वाटलं?”

शेवंतीबाईंनी पदराने तोंड पुसलं.

“मॅडम,” त्या उर्वीला म्हणाल्या, “लिहायचंच असेल तर शेवंतीने स्वप्नीलला फसवलं, असं लिहा. शब्द त्याला निवडू दे.”