अधांतरी

नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर मंगळावर उतरणारं भारताचं यान अधांतरी थांबलं.

“इंधन संपत आलंय,” प्रकल्पप्रमुख सोनवणे म्हणाले. “अमेरिकेसारखा रोव्हर दोरांवरून खाली सोडला असता, तर ही वेळ आली नसती.”

“जागा शोधतंय, सर,” यान उतरवण्याची पद्धत आखणारी शाल्मली म्हणाली. चीनसारखं थांबून, खाली पाहून उतरायचं, हा हट्ट तिचाच होता. संदेश इथं पोचेपर्यंत तिथलं बरंवाईट केव्हाच होऊन गेलेलं असे. हातात काहीच नव्हतं. यान बाजूला सरकलं आणि संपर्क तुटला.

बऱ्याच वेळानं पहिलं छायाचित्र उमटलं. रोव्हर सुखरूप उभा होता. मागं, उतरायच्या मूळ जागेवर, घराएवढा खडक होता.

“हट्ट सोडला नाहीस, बरं केलंस,” सर म्हणाले. तेव्हा कुठं शाल्मली खुर्चीत टेकली.