खाणारी तोंडं

खताच्या डेपोतल्या साहेबांना या हंगामात एक वाक्य तोंडपाठ झालं होतं. "मावशी, खाणारी तोंडं वाढली, जमीन तेवढीच आणि खतही तेवढंच. मी कुठून आणू?" भाजीवाल्या मावशी पहाटेपासून रांगेत उभ्या होत्या. "खरंय बाबा," म्हणाल्या आणि हात हलवत परत गेल्या.

दोन महिन्यांनी त्याच मावशी टोपली घेऊन साहेबांच्या दारात आल्या. साहेबांच्या बायकोने कोबी उचलून पाहिला. "अहो मावशी, हा गड्डा आहे की लिंबू?"

"खतच नाही मिळालं, ताई." एवढं बोलल्यावर त्यांना दाराआडचे साहेब दिसले आणि त्यांनी जीभ चावली. "साहेबांना बोल नाही हं. ते तरी बिचारे काय करणार? आमच्याच घरात तोंडं फार. नऊ माणसं आम्ही. आता लाज वाटते सांगायला."

साहेबांची मान खाली गेली ती वर येईना. मावशींनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी सगळी टोपली उतरवून घेतली.

मावशी देवाचं नाव घेत उठल्या.

फाटकाकडे जाताना त्या भिंतीच्या कडेकडेने, अंग चोरून चालल्या. डेपोतली शेवटची दोन पोती साहेबांनी अंगणातल्या ज्या हिरवळीला घातली होती, तिच्यावर आपला मळका पाय पडू नये म्हणून.