बोडीतला लाल मासा

गावच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, माशांची पांढरी पोटं तरंगत होती. पंधरा दिवसांनी जाळं पडायचं होतं, अन् आज गावातले मासेमार ढिवर टोपल्यांनी मेलेले मासे उपसत होते.

"माशाचं बीज पाहून नाही आणलं या चिंध्यानं!" देवकाबाई काठावरून कडाडली. "डोळे सानगडीच्या बाजारात ठेवून आला होता का रे?"

चिंधू तिच्या दिराचा पोरगा. मान न उचलता तो म्हणाला, "मोठी माय, लेकराची आण घेतो. बीज चांगलं होतं."

"चांगलं होतं तं मेलं काहून?"

चिंधूनं या बोडीत पुन्हा जाळं टाकायचं नाही, असं तिनंच काल पंचांना सांगितलं होतं. तिचा शब्द कोणी मोडत नसे.

साकोलीहून आलेल्या मत्स्य अधिकाऱ्यानं एका माशाचे कल्ले उघडले. आतून कुजून पांढुरके झाले होते.

"रोहू, कटला धडधाकट आहेत. सायप्रिनसच तेवढे मेले. हे बीजाचं काम दिसत नाही. शोभेच्या कोई माशातून असा विषाणू येतो, त्यांचं अन् सायप्रिनसचं कूळ एकच. तो मासा स्वतः वाचला तरी रोग पसरवत राहतो. घरात पाळलेला मासा कोणी सोडला का इथं?"

"शोभेचे मासे पाळाले आम्ही काय शेठ आहोत, साहेब?" कोणीतरी हसलं.

देवकाबाई हसली नाही. मागच्या महिन्यात नात उर्वशी भंडाऱ्याहून आली, तेव्हा तिच्या बादलीत लाल मासा होता. दुसऱ्याच दिवशी तो सुस्त पडला. पोरगी रडत बसली. ढिवराच्या घरात मासा बादलीत मरते का, म्हणून देवकाबाईनंच तो पहाटे आणून बोडीत सोडला होता. मासा जगला. रोज ती त्याला मूठभर मुरमुरे घालायची. केवढी फुशारली होती ती मनातल्या मनात!

अधिकारी गाडीकडे वळला. चिंधूनं खांद्यावरचं जाळं उतरवलं अन् पंचांच्या पायाशी ठेवलं.

"थांबा, साहेब."

देवकाबाई पायऱ्या उतरली. लुगडं भिजलं तरी थांबली नाही. खाली वाकून तिनं पाण्यावर तीनदा बोटं आपटली, रोज सकाळी आपटायची तशी.

पांढऱ्या पोटांमधून वाट काढत लाल मासा आला, अन् तिच्या रिकाम्या तळव्यात मुरमुरे शोधू लागला.