मागची सीट

"परवडेल अशी दोन दारांची गाडी आता निघतच नाही, साहेब," सेल्समन म्हणाला. "घरच्यांना मागे चढता-उतरता यायला नको का?"

नवरा-बायकोने एकमेकांची नजर चुकवली. इतकी वर्षं जुन्या दोन दारांच्या गाडीतून फिरायला निघताना बायकोचं सासूबाईंना पालुपद ठरलेलं होतं, "आई, सीट वाकवून मागे चढायचं म्हणजे तुमच्या गुडघ्यांचे हाल!" आईही लगेच गुडघे चोळत म्हणायची, "जा बाबांनो तुम्ही."

शेवटी चार दारांची घेतली. जुनी गाडी न्यायला माणूस आला, तेव्हा आईने पुढची सीट वाकवली आणि टुणकन मागे जाऊन बसली.

"एकदा बसून तरी बघते," म्हणाली.

मुलगा बघतच राहिला. "अगं आई, तुझे गुडघे?"



"तुम्हाला दोघांनाच जायचं असायचं ना रे, म्हणून दुखायचे."