वहिनीचा आजार

हणमंतरावांच्या ऑपरेशनला चार महिने झाले होते. स्तनाचा कॅन्सर, तोही त्यांच्यासारख्या मिशीवाल्या गड्याला! सांगायची लाज वाटली, म्हणून भावकीत त्यांनी तो बायकोच्या नावावर खपवला. पाहुणे आले की ती बिचारी पांघरूण घेऊन निजायची आणि हे तिच्या उशाशी बसून त्यांच्याकडून धीर घ्यायचे.

भाऊबीजेला धाकटी बहीण कमळा आली. पाटावरच्या भावाला कुंकू लावताना आतल्या खोलीकडे बघत हळूच म्हणाली, "दादा, वहिनीच्या माहेरचंच रक्त खराब म्हणायचं. आपल्या घराण्यात नाही बाबा असलं काही."

आतलं पांघरूण जरासं हललं.

हणमंतरावांची मान खाली गेली. 'सख्ख्या बहिणीची तपासणी करून घ्या, हा आजार रक्तातून येऊ शकतो,' असं डॉक्टरांनी प्रत्येक खेपेला बजावलं होतं, आणि प्रत्येक खेपेला ते 'हो, हो' म्हणून उठले होते.

ओवाळून झालं. कमळा हसत ओवाळणीची वाट बघत राहिली. ओवाळणी टाकायची सोडून हणमंतरावांनी सदऱ्याची बटणं काढायला घेतली.

"ताट खाली ठेव आधी, कमळे," ते म्हणाले. "ते रक्त आपलंच आहे."