मास्तरांची सोबत

पोटावर थंड मातीची पट्टी असूनही शेवडे मास्तरांना घाम फुटला होता. माझ्या निसर्गोपचार केंद्रातल्या खाटेवर पडून ते डावा खांदा सारखा चोळत होते.

"मास्तर, उठा. हृदयाच्या दवाखान्यात जायचंय. आत्ता."

मास्तर हसले. "घाम म्हणजे शरीराची साफसफाई. तुमच्याच व्याख्यानातलं वाक्य आहे, डॉक्टर. लिंबू-मधाचं पाणी द्या, होईन बरा."

"ते वेगळं, हे वेगळं."

"इंग्रजी दवाखान्याची पायरी चढायची नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. आता तुम्हीच घाबरलात?"

घाबरलोच होतो. खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत मी शब्द शोधत होतो, पण माझे सगळे शब्द आधीच त्यांच्या बाजूला गेले होते.

शेवटी मी स्टुलावर बसलो आणि छातीवर हात दाबला. "मास्तर, खरं म्हणजे मलाच बरं वाटत नाहीये. एकट्यानं जायचा धीर होत नाही."

"अहो, मग आधी बोलायचं नाही का!" पट्टी बाजूला टाकून मास्तर सदरा चढवत रिक्षेला हाका मारू लागले. वाटेत रिक्षावाल्याला सारखे "जपून रे" म्हणत होते. माझा हात धरलेला त्यांचा तळवा गार पडला होता.

दवाखान्याच्या दारात चाकांची खुर्ची आली. मास्तर मला बसवू लागले. मी त्यांनाच खांदे धरून खाली बसवलं. "पेशंट हे आहेत."

मास्तर रागानं बघत राहिले. खुर्ची आत वळली तेव्हा माझं मनगट पकडून त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही ना?"